‘एनके सेल कमी आल्यात, पावडर घ्यावी का?’

प्रश्न : माझे मिस्टर यंत्रमागावर कामाला आहेत, वय ३८. खोकला, संध्याकाळचा ताप आणि वजन उतरलं म्हणून महापालिकेच्या दवाखान्यात दाखवलं, तर बेडक्यात टीबी निघाला. औषधं सुरू होऊन महिना झाला, रोज तीन गोळ्या चालू आहेत. ताप गेला, खोकलाही कमी आहे. वजन ४४ किलो. माझे दीर म्हणाले, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, प्रतिकारशक्ती बघायला हवी. त्यांनी ओळखीच्या माणसाकडून ‘एनके सेल’ची रक्ततपासणी करून घेतली, त्यात ‘कमी’ असं आलं. आता तोच माणूस एनके सेल वाढवायची पावडर देतो. डबा साडेतीन हजारांचा, तीन डब्यांचा कोर्स. एक डबा दिरांनी आणून ठेवलाय, उरलेल्या दोनसाठी मला बचत गटातून कर्ज काढावं लागेल. मी बिड्या वळते. माझी भाची म्हणते, या पेशी टीबीला मारतात हे तिने वाचलंय आणि ते खरं आहे. घरात सासूबाई आहेत, त्यांना शुगर आहे, आणि चार वर्षांचा मुलगा आहे. सासूबाईंनी ह्यांचं ताट-तांब्या वेगळं केलंय आणि मुलाला माहेरी पाठव म्हणतात. आणखी एक विचारायचं होतं. आम्ही सगळे एकाच खोलीत झोपतो, मग टीबी ह्यांनाच का झाला?
– एक भगिनी, सोलापूर

ताई,

कर्ज काढू नका आणि घरात आलेला डबा उघडू नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत वाचता येईल.

भाचीला मात्र रागावू नका, तिने वाचलंय ते खरं आहे. एनके पेशी, म्हणजे नॅचरल किलर पेशी, तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या रक्तात असतात आणि टीबीच्या जंतूशी झुंजतात. त्या डब्यात मिळतात, एवढाच भाग खोटा आहे. आणि तुम्ही संकोचून अगदी शेवटी विचारलेला प्रश्न, ‘ह्यांनाच का झाला’, त्याच्या उत्तरातच पावडरीचंही उत्तर आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तुमच्या मिस्टरांच्या खोकल्यातून हवेत गेलेले जंतू बहुधा तुम्हा सगळ्यांच्याच छातीत गेले असतील. पण जंतू आत गेला म्हणजे आजार झाला, असं नसतं. ज्यांच्या शरीरात टीबीचा जंतू शिरतो अशा १०० जणांपैकी साधारण ५ ते १० जणांनाच आयुष्यात कधीतरी टीबीचा आजार होतो. बाकीचे त्याला आतल्या आत कोंडून ठेवतात आणि त्यांना पत्ताही लागत नाही. हे कोंडून ठेवण्याचं काम अनेक प्रकारच्या पेशी मिळून करतात आणि त्यात अगदी आधी धावणाऱ्यांपैकी एक म्हणजे एनके पेशी.

या पेशींचा शोध १९७५ सालचा. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत किसलिंग, क्लाइन आणि विग्झेल हे शास्त्रज्ञ उंदरांवर काम करत होते. त्याच सुमारास अमेरिकेत हर्बरमन यांचंही तसंच काम चालू होतं. कर्करोगाच्या पेशींशी आधी कधीही गाठ न पडलेल्या उंदरांच्या शरीरातल्या काही पेशी त्या कर्करोगी पेशींना थेट मारत होत्या. ना लस, ना आधीची ओळख. म्हणून नाव पडलं ‘नॅचरल किलर’. माणसाच्या रक्तात लिम्फोसाइट नावाच्या ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांत या साधारण १०० मागे ५ ते १५ असतात.

टीबीचा जंतू मोठा चिवट. फुफ्फुसाच्या टोकाच्या बारीक फुग्यांत तो पोचला, की तिथल्या भक्षक पेशी, ज्यांना मॅक्रोफेज म्हणतात, त्याला गिळतात. इतर बहुतेक जंतू गिळले की संपतात. हा संपत नाही. गिळणाऱ्या पेशीच्याच पोटात तो बस्तान मांडतो आणि सावकाश, साधारण वीस-बावीस तासांनी एकाचे दोन, अशा गतीने वाढत राहतो. त्याला नेमकं ओळखणारी टी पेशींची फौज तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवरच्या काळात जुन्या गावातल्या जागल्याचं काम एनके पेशी करतात. जागल्या प्रत्येक घरात शिरून झडती घेत नसे. ओळखीची खूण दिसली की तो पुढे जाई, काही वावगं दिसलं की थांबे. एनके पेशीही समोरच्या पेशीच्या अंगावर दोन गोष्टी पाहते. एक, ‘मी आपल्यातली आहे’ ही नेहमीची खूण आणि दुसरी, पेशी संकटात आल्यावर तिच्या पृष्ठभागावर उमटणाऱ्या खुणा. पोटात टीबीचा जंतू घेऊन बसलेल्या भक्षक पेशीवर या दुसऱ्या प्रकारच्या खुणा उमटतात. टेक्सासमधल्या टायलर इथे रामकृष्ण वनकायलपती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या रक्तावर यासंबंधी बरंच काम केलं आहे. एनके पेशी या खुणा आपल्या अंगावरच्या कोणत्या प्रथिनांनी ओळखते, हे त्यांनी दाखवलं.

ओळख पटल्यावर ती दोन-तीन गोष्टी करते. तिच्या आत बारीक दाणे भरलेले असतात. त्यांतलं परफोरिन हे प्रथिन समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. त्या भोकांतून बाकीची द्रव्यं आत शिरतात आणि ती पेशी मरते. दाण्यांतलंच ग्रॅन्युलायसिन नावाचं द्रव्य खुद्द जंतूलाही मारू शकतं. शिवाय एनके पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचा रासायनिक निरोप सोडते. तो मिळाला की इतर भक्षक पेशींना जोर येतो आणि गिळलेल्या जंतूला त्या आतल्या आत मारायला लागतात. माझ्या मते हा निरोप देणं हेच तिचं सगळ्यात मोलाचं काम आहे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण पावडर विकणारा ती सांगणार नाही. कोलोरॅडोतल्या संशोधकांनी २००३ मध्ये धडधाकट उंदरांमधून एनके पेशी काढून टाकल्या आणि मग त्यांना टीबीची लागण केली. फुफ्फुसातल्या जंतूंच्या संख्येत फरक पडला नाही. बाकीच्या पेशींनी ते काम निभावून नेलं. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मुळातच टी पेशी नसलेले उंदीर घेतले, तेव्हा मात्र एनके पेशींचं मोल दिसलं. त्या होत्या तोवर आजार थोडा रोखला जात होता, त्या काढल्यावर तो बळावला. उंदरांत ग्रॅन्युलायसिन नसतं, त्यामुळे त्यांच्यावरून माणसाबद्दल सगळंच ठरवता येत नाही. तरी एवढं कळतं, की एनके पेशी एकट्याने टीबी बरा करत नाहीत. त्या सुरुवातीला सावरून धरतात आणि दुसऱ्यांना हाक देतात. एकदा फुफ्फुसात आजार पसरला, जंतू लाखोंनी झाले, की त्या कितीही असल्या तरी पुरत नाहीत. तिथे औषधच लागतं.

मग ह्यांनाच का? कामाच्या जागी पेठेतली गर्दी आणि कोंदट हवा, उतरलेलं वजन, बिडी-सिगारेट ओढत असतील तर ती, दारू, रक्तातली वाढलेली साखर, आणि कधी कधी फक्त कोणाच्या वाट्याला किती जंतू आले ते. यातलं काहीही त्यांच्या किंवा तुमच्या पापाचं फळ नाही. सोलापुरात आजूबाजूचे कुजबुजत असतील, म्हणून मुद्दाम लिहितो.

आता तो रिपोर्ट. तो तुम्हाला घाबरवण्यासाठी वापरला गेला, याचं मला फार वाईट वाटतं. २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेतली किशोरवयीन मुलं आणि इतर अनेक गटांतली माणसं यांच्या रक्ताचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. ज्यांच्या शरीरात जंतू होता पण आजार नव्हता, त्यांच्या रक्तात एनके पेशी जास्त होत्या. आजार उफाळला की त्या कमी होत होत्या. आणि टीबीचा उपचार पूर्ण झाल्यावर त्यांची पातळी पूर्ववत होत होती. फुफ्फुसात सूज जितकी जास्त, तितक्या रक्तातल्या एनके पेशी कमी, असंही त्यांना आढळलं.

हे तुमच्या घराला लावून बघा. मिस्टरांना टीबी आहे, उपचाराचा पहिलाच महिना आहे, म्हणजे एनके पेशी कमी दिसणं हे अपेक्षितच होतं. रिपोर्टने नवीन काहीच सांगितलं नाही. ते बरे होणार नाहीत, असं तर त्यातून मुळीच निघत नाही. या पेशी पुन्हा वाढवायचा ज्ञात मार्ग म्हणजे आजार हटवणं आणि ते काम रोजच्या तीन गोळ्या करताहेत. ताप गेला, खोकला उतरला, ही त्याचीच खूण. शिवाय हा आकडा एका माणसातही स्थिर नसतो. जिना भरभर चढून लगेच रक्त दिलं तरी तो बदलतो. टीबीच्या उपचारात कुठेही, ना आपल्या सरकारी कार्यक्रमात ना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत, एनके पेशी मोजून औषध ठरवत नाहीत. पुन्हा ती तपासणी करू नका.

पावडरीला माझा विरोध पैशापुरता नाही. मिस्टरांच्या गोळ्यांतली आयसोनायझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधं यकृतावर ताण देऊ शकतात. बहुतेकांना ती सोसतात. पण त्यात काय घातलंय हे धड न कळणारी पावडर मिसळली आणि कावीळ झाली, तर डॉक्टरांना टीबीचीच औषधं थांबवावी लागतील. ती किंमत साडेदहा हजारांपेक्षा कितीतरी मोठी आहे. आणि प्रतिकारशक्ती जितकी भडकवावी तितकं बरं, हा समजही चुकीचा आहे. टीबीत फुफ्फुसाला जी पोकळी पडते, ती बऱ्याच अंशी शरीराच्या स्वतःच्या दाहामुळे पडते. जंतूशी लढताना आजूबाजूचं फुफ्फुस जळतं. शरीराला इथे भडका नको असतो, योग्य वेळी थांबणारी लढाई हवी असते. उपाशी, थकलेलं शरीर ती नीट लढू शकत नाही.

म्हणून ताई, पैसे खर्च करायचेच असतील तर जेवणावर करा. हे मी गोड बोलायचं म्हणून सांगत नाही. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीबीच्या २,८०० रुग्णांच्या घरच्या दहा हजारांवर माणसांवर अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. रुग्णांना सगळीकडेच शिधा दिला. घरच्यांना मात्र काही ठिकाणी माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जोडीला जीवनसत्त्वं-खनिजांच्या गोळ्या दिल्या आणि काही ठिकाणी दिल्या नाहीत. जिथे घरच्यांना धान्य मिळालं, तिथे त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी घटलं. मुख्यतः डाळ-तांदळाने! रुग्णांमध्येही ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं, त्यांच्यात मृत्यू खूपच कमी झाले. एखाद्या नव्या औषधाने एवढा गुण दाखवला असता, तर रोज पेपरात पानभर जाहिरात आली असती.

तुमच्या घरात ज्वारीची भाकरी आहे, डाळ आहे, शेंगाची चटणी तर सोलापूरकरांना सांगायलाच नको. त्याला रोजची दोन अंडी, जमेल तेव्हा दूध किंवा दही, भिजवलेले हरभरे, मूठभर शेंगदाणे आणि गूळ जोडा. अंडं सात रुपयांना धरलं, तरी तीन डब्यांच्या पैशात दीड हजार अंडी येतात. अंडी खात नसाल तर डाळ आणि दूध वाढवा. आणि ताटं वाढताना सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं तुम्ही खाता, हे मला पत्रात न लिहिताही कळतं. तसं करू नका. या आजारात रुग्णाशेजारी झोपणाऱ्या माणसाचं पोटही भरलेलं लागतं.

सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या खात्यात महिन्याला १,००० रुपये येतात. २०२४च्या नोव्हेंबरपूर्वी ते ५०० होते. पैसे आले नसतील तर मिस्टरांचं बँक खातं नोंदवलंय का, हे दवाखान्यातल्या टीबीच्या कर्मचाऱ्यांना विचारा. बहुतेक वेळा घोडं तिथेच अडलेलं असतं.

सासूबाईंचं ताट-तांब्या वेगळं करणं काळजीपोटी आहे, पण त्याचा उपयोग शून्य आहे. टीबी ताटातून, पाण्यातून, कपड्यांतून जात नाही, तो खोकल्यातून हवेत जातो. मद्रासमध्ये १९५६ पासून एक अभ्यास झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास रुग्णालयात ठेवलं, काहींना गरीब वस्तीतल्या त्यांच्याच घरी औषधं दिली. १९५९ मध्ये निकाल आला. घरी राहिलेले रुग्णही तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली नाही. जगभरातली सॅनेटोरियमं बंद पडायला या मद्रासच्या अभ्यासाचा मोठा हातभार लागला. औषध लागू पडलं की पहिल्या काही आठवड्यांतच जंतू पसरायचं प्रमाण खूप उतरतं. तरी खोकताना रुमाल, खिडकी दिवसा उघडी आणि बेडक्याची थुंकी मोरीत वा रस्त्यावर नाही, एवढं पाळा. बेडक्याच्या दुसऱ्या तपासणीत जंतू दिसेनासे होईपर्यंत रात्री मुलाला त्यांच्यापासून जरा लांब झोपवा. जेवायला मात्र सगळे एकत्र बसा. एक महिना एकट्याने जेवणाऱ्या माणसाचं जेवण कमी होतं, आणि त्यांना तर वजन वाढवायचंय.

खरी काळजी मला सासूबाईंचीच वाटते. मधुमेहात टीबीचा धोका दोन ते तीन पट असतो. टीबीसोबत मधुमेहही असलेल्या रुग्णांत एनके पेशींचं काम बदलतं, हे चेन्नईच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं आहे. त्यांची साखर आटोक्यात असणं हे कुठल्याही बूस्टरपेक्षा मोठं काम आहे. मिस्टरांचीही साखर तपासली का, तेही विचारा.

मुलाला माहेरी पाठवू नका, निदान तपासणीआधी तरी नाही. जंतू त्याच्या छातीत गेले असतील तर ते त्याच्याबरोबर माहेरी जातील आणि इथली तपासणी मात्र राहून जाईल. पाच वर्षांखालच्या मुलात टीबी झपाट्याने वाढतो, कधी मेंदूपर्यंत जातो. त्याला जन्मल्यावर बीसीजी दिली असेल, दंडावर व्रण असेल. ती लस मुलांना मेंदूच्या टीबीपासून बऱ्यापैकी वाचवते. बीसीजी घेतल्यावर एनके पेशीही पुढचे काही महिने जास्त जोमाने उत्तर देतात, असं नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात दिसलं. तरी घरातच रुग्ण असताना एवढ्यावर विसंबायचं नाही. मुलगा, सासूबाई आणि तुम्ही, तिघांनाही दवाखान्यात न्या. टीबी नाही याची खात्री झाली, की प्रतिबंधक औषध देतात. ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. रोज आयसोनायझिड सहा महिने किंवा आठवड्यातून एकदा अशा बारा मात्रा, यातलं कोणतं ते डॉक्टर वय आणि वजन बघून ठरवतील. आठवड्याचा कोर्स दिला तर सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या दाखवा, कारण त्यांतल्या काहींचा परिणाम कमी होतो. तुम्ही पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, त्यांचाही परिणाम कमी होतो. लाजू नका, हे सांगणं गरजेचं आहे.

बिड्या वळताना दार उघडं ठेवा, तंबाखूची धूळ कोंडू देऊ नका. तुम्हाला दोन आठवड्यांवर खोकला राहिला, ताप आला, वजन उतरलं तर वाट न बघता थुंकी तपासा.

मिस्टरांच्या गोळ्यांबद्दल थोडंच. लघवी नारिंगी होते, ती रिफाम्पिसिनमुळे, घाबरायचं नाही. डोळे पिवळे दिसले, सारखी उलटी झाली, अन्नावरची वासना उडाली किंवा नजर अंधुक वाटली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बरं वाटायला लागलं की गोळ्या सोडायचा मोह होतो. बरं वाटणं आणि बरं होणं यात अजून पाच महिने आहेत. चिवट जंतू तेवढ्या मुदतीनेच मरतात.

दिरांशी भांडू नका. त्यांनी भावासाठी धावपळ केली, खिशातले पैसे घातले. त्यांना हे पत्र वाचायला द्या आणि त्यांच्याकडे खरं काम सोपवा. दुसरा महिना संपला की मिस्टरांची थुंकी पुन्हा तपासायची असते. त्या दिवशी त्यांच्याबरोबर दीर जाऊ देत, वजन नोंदवून घेऊ देत आणि डब्यावरचं लेबल डॉक्टरांना दाखवू देत. डबा सील असेल तर पावतीसकट परत करून साडेतीन हजार मागायला हरकत नाही. दवाखान्यात कोणी नीट उत्तर दिलं नाही, तर निक्षयची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-६६६६. तिथे सगळ्यात आधी मुलाच्या प्रतिबंधक औषधाचं विचारा.